तुम्ही विचारलेत म्हणून : केनियातल्या बायका तेव्हा काय करत होत्या?

केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी मी कुठेही बोलले, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक वेळा तो एखादी बाईच विचारते : "या सगळ्यात बायका कुठे होत्या?" मी नऊ वर्षे नैरोबीत शिकवत होते, तेव्हा मला हे ठाऊक असणार, असे विचारणारीला वाटते. सभेत वेळ थोडा असतो, म्हणून मी दोन-तीन नावे सांगून थांबते आणि घरी परतताना प्रत्येक वेळी मनाला लागून राहते की उत्तर दिलेच नाही, कारण नावे सांगणे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये १२ सप्टेंबर २०१५ रोजी ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ लढ्याच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यात दोन पुतळे आहेत. जटाधारी बंडखोर आणि त्याच्या हाती अन्न देणारी एक बाई. दोघांचीही तोंडे एकमेकांपासून वळलेली आहेत, आणि प्रथम पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते. पण दोघांपैकी कोणी पकडले गेले आणि कितीही छळ झाला, तरी दुसऱ्याला ओळखता येऊ नये, अशी ती रीतच होती. मला हे शिल्प फार खरे वाटते, कारण बायकांचे काम इतिहासात का दिसत नाही, याचे निम्मे कारण त्या वळवलेल्या मानेत आहे. जे काम दिसू नये म्हणूनच जिवापाड जपून केले, ते पुढे कागदोपत्री कसे सापडणार?

उरलेले निम्मे कारण मात्र इतके निर्मळ नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मध्य केनियातील सुपीक उंचवट्याच्या जमिनी घेतल्या आणि किकुयू लोक स्वतःच्याच मुलखात मजूर झाले. जमीन आणि स्वातंत्र्य परत मिळवण्याची शपथ घेतलेल्यांची जी गुप्त चळवळ उभी राहिली, तिला जगाने माऊ माऊ म्हटले. ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिशांनी आणीबाणी पुकारली, ती जानेवारी १९६० पर्यंत राहिली. बंडखोर न्यांदारुआ आणि माउंट केनियाच्या जंगलांत गेले. त्यांत बायकाही होत्या, पण थोड्या. अंदाज साधारण ५ टक्क्यांचा आहे. या आकड्यावरूनच पुष्कळांनी ठरवून टाकले की लढा पुरुषांचा होता आणि बायकांनी त्यांना मदत केली.

"मदत" या शब्दाशी माझे भांडण आहे. जंगलाबाहेर राहून अन्न, औषधे, बातम्या आणि काडतुसे पुरवणाऱ्या जाळ्याला सरकारी भाषेत "पॅसिव्ह विंग", म्हणजे निष्क्रिय शाखा, असे नाव होते. ज्या राज्यात जवळ एखादे काडतूस सापडणे हाही फाशीचा गुन्हा होता, तिथे पाठीवरच्या टोपलीत रताळ्यांखाली काडतुसे लपवून पहाऱ्यासमोरून जाणारी बाई निष्क्रिय कशी? थंडी-पावसाच्या डोंगरात हजारो माणसे वर्षानुवर्षे तग धरून राहिली, ती कोणाच्या चुलीवर?

सरकारला याचे उत्तर चांगलेच ठाऊक होते. जून १९५४ पासून किकुयूंची विखुरलेली घरे जाळून, मोडून त्यांना कुंपणाच्या खेड्यांत कोंबायला सुरुवात झाली आणि दीड वर्षात दहा लाखांहून अधिक माणसे सुमारे ८०० खेड्यांत डांबली गेली. पुरुष मोठ्या संख्येने स्थानबद्धांच्या छावण्यांत किंवा जंगलात होते, म्हणजे या खेड्यांत मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. खेड्याभोवती खंदक, खंदकात अणकुचीदार बांबू, आणि ते खंदक त्याच बायकांकडून वेठीने खणून घेतलेले. शिक्षा म्हणून तेवीस-तेवीस तासांची संचारबंदी लागे, आणि उरलेल्या एका तासात पाणी, सरपण, शेतातले काय मिळेल ते आणायचे. एवढा प्रचंड खटाटोप कशासाठी होता? जंगल आणि चूल यांच्यामधली वाट तोडण्यासाठी. ज्यांना पुढे इतिहासाने दुय्यम ठरवले, त्यांच्याविरुद्ध साम्राज्याने आपली सर्वांत मोठी मोहीम चालवली होती.

माझ्या एका सहशिक्षिकेची आजी मध्य केनियातल्या न्येरीच्या बाजूला अशाच एका खेड्यात राहिली होती. केनियात आजीला शोशो म्हणतात, म्हणून मीही त्यांना शोशोच म्हणत असे. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी, एखाद्या विद्यार्थिनीसारखी वही काढून, तुम्ही लढ्यात काय केलेत, असे विचारले. त्या म्हणाल्या, "काही नाही. रांधत होते." मी वही मिटली. आज त्याची लाज वाटते, कारण मीही तेच केले जे सगळ्यांनी केले होते. पुढच्या खेपेला, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी वाढताना, त्या आपणहून बोलू लागल्या. पहारेकरी झोपडीत शिरून भांड्याचे झाकण उघडत आणि घरातली माणसे मोजत. अन्न माणसांपेक्षा जास्त दिसले, तर ते कोणासाठी, हा प्रश्न आलाच. म्हणून जास्तीचे एकदम शिजवायचे नाही. प्रत्येकीने स्वतःच्या पानातले मूठभर काढून ठेवायचे, पाच-सहा घरांचे मिळून एका माणसाचे जेवण होई. ते शेताच्या बांधाला ठरलेल्या जागी पोचवायचे काम शोशोंकडे होते आणि तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. जेवण नेणाऱ्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही. मी स्मारकाविषयी सांगितले, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही.

या बायका १९५२ मध्ये अचानक जाग्या झाल्या होत्या, असेही नाही. हॅरी थुकू या पुढाऱ्याने इतर मागण्यांबरोबरच बायका-मुलींना मळ्यांवर वेठीला धरण्याविरुद्ध आवाज उठवला होता. मार्च १९२२ मध्ये त्याला अटक झाली आणि १६ तारखेला नैरोबीच्या पोलीस ठाण्यासमोर मोठा जमाव जमला. पुरुष नेते बोलणी करून परतले आणि लोकांना घरी जायला सांगू लागले, तेव्हा मेरी न्यांजिरू पुढे आली, आपले वस्त्र वर उचलून तिने पुरुषांना सुनावले की माझे हे नेसा आणि तुमच्या विजारी मला द्या. किकुयू समाजात याहून जळजळीत धिक्कार नाही. जमाव पुढे सरकला, गोळीबार झाला, आणि पहिल्या बळींमध्ये न्यांजिरू होती. सरकारी आकडा २१ मृतांचा आहे. लोक याहून पुष्कळ अधिक सांगतात. तिथल्या रस्त्याला आज हॅरी थुकूचे नाव आहे. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुरांगाच्या बायकांनी उतारावर बांध घालण्याची सक्तीची मजुरी नाकारली आणि त्यासाठी तुरुंगही पत्करला. म्हणजे जंगलातले युद्ध सुरू होण्याआधी तीस वर्षे बायका या राजवटीला प्रत्यक्ष अडवत होत्या.

जंगलात गेलेल्यांपैकी मुथोनी वा किरीमा यांना फील्ड मार्शल हे पद मिळाले. ते मिळालेल्या त्या एकट्याच बाई. स्वातंत्र्य मिळाल्यावर, डिसेंबर १९६३ मध्ये, त्या बाहेर आल्या. जंगलातल्या जटा त्यांनी जवळजवळ साठ वर्षे तशाच ठेवल्या, कारण ज्यासाठी लढलो ते मिळाले, असे त्यांना वाटत नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी न्गिना केन्याटा यांच्या हातून त्या जटा कापल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी मुथोनी वारल्या. वांबुई वैयाकी नैरोबीत बंडखोरांसाठी हेरगिरी करत आणि पुढे लामू बेटावर स्थानबद्ध होत्या. त्याच वांबुई १९८७ मध्ये, स्वतंत्र केनियाच्या न्यायालयात, आपल्या नवऱ्याचा अंत्यविधी कुठे करायचा हे ठरवण्याचा खटला नवऱ्याच्या कुळाविरुद्ध हरल्या.

तुरुंगांविषयीही सांगितले पाहिजे. आणीबाणीच्या काळात सुमारे ८,००० बायका स्थानबद्ध होत्या, त्यांतल्या बहुतेक नैरोबीजवळच्या कामिती तुरुंगात, आणि कित्येकींच्या कडेवर मुले होती. जेन मुथोनी मारा या पंधरा वर्षांच्या असताना बंडखोरांना अन्न पुरवल्याच्या संशयावरून पकडल्या गेल्या आणि चौकशीच्या छावणीत त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले. त्या आणि त्यांचे सहकारी लंडनच्या न्यायालयापर्यंत गेले, म्हणून जून २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त करून ५,२२८ जणांना भरपाई मान्य केली. उहुरू पार्कमधले ते स्मारक त्याच तडजोडीतून उभे राहिले. जेन मारा नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावाने न्यायालयात गेल्या नव्हत्या. स्वतःवर जे घडले ते त्यांनी उतारवयात, परक्या देशातल्या न्यायालयासमोर मांडले, आणि मला हे धैर्य बंदुकीच्या धैर्याहून कमी वाटत नाही.

गोव्याचे वाचक मला पियो गामा पिंटोंविषयी विचारतात. गोव्याच्या कुटुंबात नैरोबीला जन्मलेला हा पत्रकार गोव्याच्या मुक्तीसाठीही झटला होता आणि केनियाच्याही. १९५४ मध्ये लग्नानंतर पाच महिन्यांत त्यांना स्थानबद्ध केले गेले आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये, स्वतंत्र देशात, घराच्या दारात त्यांची हत्या झाली. पियोंवर लिहिणारे एम्मांचा उल्लेख "पत्नी" असा करून पुढे जातात. स्थानबद्धतेच्या वर्षांत नोकरी करून घर सांभाळणाऱ्या, आणि हत्येनंतर तीन मुलींना घेऊन नव्याने उभ्या राहिलेल्या एम्मा नसत्या, तर पियोंना आपले सर्वस्व चळवळीला देता आले असते का, हा प्रश्न मी आता उलट विचारते.

आता त्या दुसऱ्या, कमी निर्मळ कारणाकडे येते. १९५० मध्ये माऊ माऊवर घातलेली बंदी स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षे, म्हणजे २००३ पर्यंत, उठली नव्हती. त्यामुळे लढलेल्या पुरुषांनाही दबकून बोलावे लागले, मग बायकांची काय कथा. १९६३ च्या पहिल्या संसदेत एकही बाई नव्हती. निवडून आलेली पहिली बाई, ग्रेस ओन्यांगो, १९६९ मध्ये संसदेत पोचली. पण सर्वांत खोल घाव जमिनीच्या कागदांनी केला. १९५४ च्या स्विनर्टन योजनेने विखुरलेले तुकडे एकत्र करून मालकीची नोंद सुरू केली आणि ती नोंद कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे पुरुषाच्या, नावे झाली. जे शेत बाई कसायची आणि ज्यावर रूढीने तिचा काही हक्क चाले, त्यावरचा तो हक्क कागदावर आलाच नाही. पुष्कळ पुरुष तेव्हा छावण्यांत असल्यामुळे, सरकारच्या बाजूने राहिलेल्यांच्या पदरात चांगले तुकडे पडले. लढा जमिनीसाठी होता, आणि लढा चालू असतानाच जमिनीचा निकाल बायकांच्या विरुद्ध लागून गेला होता.

शोशोंचा नवरा तेव्हा छावणीत होता. त्यांचा जो तुकडा होता, त्याची नोंद दिराच्या नावे झाली. दीर सरकारी पहारेकरी होता. नवरा सुटून आल्यावर बोलणी झाली, कुळातली वडीलधारी माणसे बसली, शेत कसायला त्यांनाच राहिले, कागद मात्र बदलला नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षे शोशोंनी त्या शेतात मका, घेवडा आणि थोडी कॉफी काढली. मी केनिया सोडण्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. किकुयू रीतीप्रमाणे त्यांना शेताच्या कडेला पुरले आहे, आणि ते शेत आजही दिराच्या मुलांच्या नावावर आहे.