बेळगावात गाडी बदलताना

निपाणी, चिकोडी, हुक्केरी किंवा खानापूर तालुक्यातल्या माणसाचे बेळगावला जाणे बहुधा कामाचे असते. न्यायालयातली तारीख, दवाखान्यातली तपासणी, लग्नाचा बस्ता, कचेरीतला एखादा दाखला, आणि यांपैकी काही नसेल तर एक गाडी सोडून दुसरी धरणे. काम आटोपले की माणूस स्टँडवर येतो आणि पुढची गाडी लागेपर्यंतचे दोन-चार तास बाकावर बसून, पिशव्या राखत, चहा पीत काढतो. मीही हे शहर लहानपणापासून असेच पाहत आले आहे. या मधल्या वेळाचे काहीतरी करावे, असे बरेच दिवस मनात होते आणि आज ते घडले.

आक्काच्या मुलाकडे बेंगळुरूला जायचे होते आणि आरक्षण बेळगावहून रात्रीच्या रेल्वेचे होते. निपाणीहून संध्याकाळी घाईघाईने निघण्याऐवजी सकाळीच निघावे आणि दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ बेळगावलाच द्यावा, असे मी सुचवले. आक्का म्हणाली, "बेळगावात बघायसारखं काय हाय गं? आपलंच गाव ते." मला वाटते, बेळगाव न पाहिले जाण्याचे खरे कारण या वाक्यातच आहे. आपण पुण्याला, म्हैसूरला, हंपीला मुद्दाम जातो, यादी करून जातो. पण जे गाव आपल्या वाटेवरच आहे, त्याला पाहण्याची गरज आपल्याला कधी भासत नाही.

महामार्गाने निपाणीपासून बेळगाव पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. आधारकार्ड दाखवल्यावर कंडक्टरने आम्हा दोघींच्या हाती शून्य रुपयांची तिकिटे ठेवली. 2023 च्या जूनपासून कर्नाटक राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला आहे, आणि एरवी घराबाहेर न पडणाऱ्या कितीतरी बायका तेव्हापासून बसमध्ये दिसू लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. बसमध्येच मी वेळेचा हिशेब मांडला, आणि तो गाडी सुटण्याच्या वेळेपासून उलटा मांडला. गाडीआधी पाऊण तास स्टेशनवर पोहोचणे, जेवणाचा एक तास, आक्काच्या गुडघ्यांसाठी मधूनमधून बसण्याचा वेळ, हे सगळे वजा केल्यावर जे उरले तेवढेच आपले. ते साधारण चार तास भरले. चार तासांत गोकाकचा धबधबा होत नाही, कित्तूरचा किल्ला होत नाही, राजहंसगडही होत नाही. ही तिन्ही ठिकाणे सुंदर आहेत, पण प्रत्येकाला स्वतंत्र दिवस हवा. थोड्या वेळात लांबचे काही गाठायला जाणारा माणूस शेवटी रस्ताच पाहून परत येतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून ठरवले, की स्टँडपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक थांबा आपल्याला रेल्वे स्टेशनच्या थोडे जवळ नेईल असा क्रम ठेवायचा. परत मागे यायचे नाही.

सामानाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो, कारण खांद्यावर पिशवी असताना डोळे कशावर ठरत नाहीत. आमच्या मावसभावाचे खडेबाजारात कापडाचे दुकान आहे. त्याने स्टँडवर मुलगा पाठवून दोन्ही बॅगा नेल्या. ज्यांची अशी ओळख नाही त्यांनी स्टेशनवरच्या क्लोकरूमची चौकशी करावी. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.

स्टँडजवळच्या एका खानावळीत जोंधळ्याची भाकरी, भरल्या वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी असे जेवून आम्ही किल्ल्याकडे निघालो. मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला इतका जवळ आहे, की रिक्षाचीही गरज पडू नये. वाटेत किल्ला तलाव लागतो. त्याच्या काठावर 110 मीटर उंचीच्या खांबावरचा तिरंगा दुरूनच दिसतो, त्यामुळे वाट विचारावी लागत नाही. तलावाकाठी आक्का थोडी टेकली. बेळगावची हवा दुपारीही अंगाला बोचत नाही. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीचा हा गुण आहे, आणि मधल्या वेळेत पायी फिरायला हे शहर सोयीचे आहे त्याचे एक कारण तेच.

बेळगावचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, आणि त्याचे रक्षण केले ते त्याच्याभोवतीच्या रुंद खंदकाने. दाराशी गणपतीचे आणि दुर्गेचे देऊळ आहे. आत लष्कराची आणि सरकारची कार्यालये आहेत, रामकृष्ण आश्रम आहे, मोठी झाडे आहेत, आणि बाहेरच्या रहदारीचा आवाज आत फारसा पोहोचत नाही. पण आम्ही ज्यासाठी आलो होतो ती कमल बस्ती, म्हणजे इथले जुने जैन मंदिर. रट्ट घराण्याचा राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये ती बांधली. शाळेत इतिहास शिकवताना मी रट्टांचे नाव एका ओळीत उरकत आले आहे, आणि ती ओळ ज्या दगडात उभी आहे तो दगड माझ्या गावापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

चपला बाहेर काढून आत गेले की आधी काळोख वाटतो. डोळे सरावतात तसे कातावर फिरवल्यासारखे गुळगुळीत, गोल कंगोऱ्यांचे खांब दिसू लागतात, गाभाऱ्यातली नेमिनाथांची काळ्या पाषाणातली मूर्ती दिसते, आणि मग मान वर करावी लागते. छतातून एक मोठे दगडी कमळ खाली उतरलेले आहे. त्याच्या बहात्तर पाकळ्या म्हणजे होऊन गेलेले चोवीस, चालू काळातले चोवीस आणि पुढे होणारे चोवीस तीर्थंकर. ही संख्या आधी माहीत असेल तर कमळ नुसते शोभेचे राहत नाही, कारण मग नजर एकेका पाकळीवरून सरकत जाते आणि भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य एकाच फुलात एकमेकांना लागून कसे बसवले आहेत हे उमगते. आक्का खांबाला टेकून बराच वेळ वर पाहत राहिली. आमच्या घरी जैन शेजारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्या पर्युषणाचे दिवस तिला तोंडपाठ आहेत, पण ही बस्ती तिने आजवर पाहिलेली नव्हती. "हे इथंच होतं होय," एवढेच ती म्हणाली. या बस्तीसंबंधीचे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते तिकडे आहेत याचे मला वाईट वाटते, पण त्यांच्यात ज्याचे वर्णन आहे ती वास्तू अजून इथे आहे आणि तिच्यात उभे राहता येते, याचे मोल मला अधिक वाटते.

किल्ल्यातच सफा मशीद आहे. 1519 मध्ये, आदिलशाहीच्या काळात, असदखानाने ती उभारली. तिच्या दोन खांबांवर नागरी लिपीतले कन्नड लेख आहेत, एक 1199 चा, त्याच कार्तवीर्याचा, आणि दुसरा 1261 चा, देवगिरीच्या यादव राजा कृष्णाचा. 1818 मध्ये जनरल मन्रोने वेढा घालून हा किल्ला इंग्रजांकडे घेतला आणि नंतर शेजारीच कँप, म्हणजे लष्करी छावणी, वसला. रट्ट, यादव, आदिलशहा, मराठे, इंग्रज यांपैकी कोणाचेही नाव वगळून या किल्ल्याची गोष्ट सांगता येत नाही. आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातली माणसे भाषेच्या आणि राज्याच्या प्रश्नात जन्म काढतो, तो प्रश्न खरा आहे आणि तो माझाही आहे. पण त्या खांबांजवळ उभे राहून मला असे वाटले, की आपल्या भागाचा इतिहास आपल्या वादापेक्षा पुष्कळ मोठा आहे आणि तो मुलांना जागेवर आणून दाखवला पाहिजे. पुढच्या सहलीला आमच्या शाळेची मुले लांब कुठे न नेता इथे आणावीत, असे मी मुख्याध्यापकांना सुचवणार आहे.

किल्ल्याला आम्ही दीड तासाहून जास्त वेळ दिला. ठरवलेल्या वेळेपेक्षा तो अधिक झाला, पण एक जागा नीट पाहून झाल्यावर बाकीचे थोडे कमी झाले तरी चालते, असे माझे मत आहे. कँपमधले जुने सेंट मेरी चर्च आणि मिलिटरी महादेवाचे देऊळ ही दोन ठिकाणे त्यामुळे आज राहिली.

तिथून रिक्षाने गावात आलो. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली अशा गल्ल्यांनी विणलेल्या या भागात पायीच फिरावे, कारण गर्दीत वाहन अडते आणि दुकानांच्या पाट्यांशिवाय काही दिसत नाही. रिसालदार गल्लीत मला मुद्दाम जायचे होते. 1892 च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, ते या गल्लीत वकील भाटे यांच्या घरी उतरले, पुढे वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले आणि इथून गोव्याकडे गेले. घाटावरून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशाचा हा मुक्कामाचा टप्पा होता, आणि कोकणाकडे, गोव्याकडे, धारवाडकडे जाणारे रस्ते इथून फुटतात म्हणून आजही तो तसाच आहे. शिकागोच्या आधीचा, कोणालाही फारसा ठाऊक नसलेला एक तरुण संन्यासी या अरुंद गल्लीतून चालत गेला असेल, ही कल्पना करतच आम्ही ती गल्ली पार केली.

किर्लोस्कर रोडवर आक्काला मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिकत सांगितली. 1888 मध्ये बेळगावात सायकलीच्या दुकानापासून त्यांची सुरुवात झाली, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर इथेच बनू लागले. नगरपालिकेला नवे उपनगर वसवायचे होते, त्यासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या आजोबांच्या शेतात किर्लोस्करांचा नांगर होता. त्याचे मूळ या रस्त्याशी आहे हे आक्काला नवे होते. पुढे हुतात्मा चौकात आम्ही थोड्या थांबलो. 1956 च्या जानेवारीत सीमाप्रश्नाच्या आंदोलनात झालेल्या गोळीबारात गेलेल्यांची आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला लहानपणीच दिलेली आहे.

खरेदीला मी अर्धाच तास ठेवला होता, कारण बाजार हा वेळ गिळतो. कुंदा घेतला. दूध आटवत, साखर घालून, तांबूस होईपर्यंत परतून केलेला हा दाणेदार पदार्थ प्रवासात चांगला टिकतो, म्हणून भाच्यासाठी तोच योग्य. मांडे मात्र घेतले नाहीत. उलट्या खापरावर भाजलेला, साखर-खव्याने भरलेला, रुमालासारखा घडी घातलेला मांडा रेल्वेच्या गर्दीत चुरून गेला असता. मावसभावाच्या दुकानात चहा झाला, बॅगा घेतल्या आणि दिवेलागणीला टिळकवाडीकडे रिक्षा केली.

टिळकवाडी स्टेशनपासून फार लांब नाही, म्हणून हा थांबा शेवटी ठेवला होता. काँग्रेस रोडजवळ वीरसौध हे स्मारक आहे आणि त्याच आवारात काँग्रेसची विहीर आहे. 1924 च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन बेळगावला भरले आणि महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष होते. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले अधिवेशन आयुष्यात हे एकच. बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने इथे तंबूंचे एक गावच वसवण्यात आले, त्याला विजयनगर असे नाव दिले गेले आणि एवढ्या माणसांच्या पाण्यासाठी विहीर खोदली गेली. तंबू उठले, विहीर राहिली. आक्काचे सासरे स्वातंत्र्यसैनिकांमध्ये वावरलेले, त्यांच्या तोंडी गंगाधररावांचे नाव नेहमी असे. त्यामुळे इथे सांगण्याचे काम तिने केले आणि मी ऐकले. अंधार पडल्यामुळे सगळे नीट दिसले नाही. इथे उजेडातच यायला हवे.

स्टेशनवर वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचलो. नवी इमारत प्रशस्त आहे, बसायला जागा मिळाली, आणि आक्काने बेंगळुरूला सुनेला काय काय सांगायचे ते मला ऐकवायला सुरुवात केली. त्यात सर्वांत आधी कमळ होते.

परतीची गाडी बेळगावला सकाळी पोहोचते आणि निपाणीची बस लगेच मिळते, पण लगेच धरायची नाही असे आमचे ठरले आहे. सकाळच्या वेळी कपिलेश्वराचे दर्शन शांतपणे होते, तेव्हा आधी तिथे जायचे. नंतर शहापूर. स्वातंत्र्याच्या आधी हा भाग सांगली संस्थानात होता, चारी बाजूंना इंग्रजी मुलूख आणि मध्ये संस्थानी पेठ. त्या पेठेत आणि पुढे खासबाग, वडगावला अजून माग चालतात. आक्काला तिथले लुगडे पाहायचे आहे. दुपारच्या जेवणाआधी स्टँडवर यायचे आणि मग निपाणीची गाडी.