आठ स्क्रू आणि एक जुनं कपाट

जुन्या फर्निचरचं वय ठरवताना लाकडाचं ऐकू नये, असं आमचे मालक म्हणतात. जुनं लाकूड आणून नवं कपाट करता येतं. पॉलिश तर चहाच्या पाण्यानंही जुनं दिसतं. आधी स्क्रू काढून बघायचा.

मी मिरजेचा, सुताराचा मुलगा. गेली काही वर्षं बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये फर्निचर दुरुस्तीच्या एका छोट्या कारखान्यात आहे. गेल्या हिवाळ्यात एक आजीबाई महोगनीचं खणांचं कपाट घेऊन आल्या. वरची फळी तडकली होती. पणजोबांच्याही आधीपासूनचं, व्हिक्टोरिया गादीवर यायच्या आधीचं, म्हणजे 1837 पूर्वीचं कपाट, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. विम्यासाठी तसा कागद हवा होता. मालकांनी काम माझ्याकडे दिलं.

वरची फळी आतून आठ स्क्रूंनी धरलेली होती. सात सुटले. आठवा गंजून लाकडात असा बसला होता की जोर लावला असता तर डोकंच तुटलं असतं. अशा वेळी घाई केली की काम गेलं. तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकानं त्याचं डोकं मिनिटभर गरम केलं, थंड होऊ दिलं आणि आधी उलटं न फिरवता थोडंसं आवळलं. वडिलांची, म्हणजे अण्णांची शिकवण: अडलेल्या स्क्रूला आधी त्याच्या मनासारखं करू द्यावं. 'कट्ट' असा बारीक आवाज आला आणि मग तो मुकाट्यानं बाहेर आला.

हातावर घेतला आणि मला वाईटच वाटलं. स्क्रूला टोक होतं.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. पूर्वी लाकडाच्या स्क्रूचं पुढचं तोंड बोथट असे. तेवढ्या खोलीचं भोक आधी गिरमिटानं पाडायचं आणि मग स्क्रू आत न्यायचा. गिरमिटासारखं अणकुचीदार टोक, जे स्वतःच लाकडात वाट काढतं, ते अमेरिकेत यंत्रावर जमलं. 1854 मध्ये त्या पेटंटचे इंग्लंडमधले हक्क जॉन सटन नेटलफोल्ड यांनी घेतले. भांडवल लागणार होतं 30,000 पौंड. त्यातले 10,000 त्यांच्या मेहुण्यानं, लंडनच्या एका बुटांच्या व्यापाऱ्यानं घातले आणि पैशावर लक्ष ठेवायला आपला अठरा वर्षांचा मुलगा बर्मिंगहॅमला पाठवला. तो मुलगा जोसेफ चेंबरलेन. कारखाना शेजारच्या स्मेदिकला, हीथ स्ट्रीटवर. यंत्रं दिवसरात्र टोकदार स्क्रू बाहेर काढू लागली आणि हातानं खाचा पाडणारे छोटे कारखानदार एकेक करून बंद झाले, नाहीतर विकले गेले.

म्हणजे हे कपाट 1854 च्या आधीचं असणं अवघड. पण एक शंका उरतेच: मधे कुणी दुरुस्ती करून स्क्रू बदलले असतील तर? मी भिंग घेऊन आठही भोकं तपासली. दुसऱ्या स्क्रूची खूण कुठंच नाही. लोखंडाचा काळा डाग लाकडात मुरलेला, अखंड, डोक्याच्या मापाचा. भोकाच्या तळाशी आट्यांचे वळसे स्वच्छ दिसत होते. हेच मूळ स्क्रू.

आजीबाई दुपारी आल्या तेव्हा मालकांनी मलाच सांगायला लावलं. वाईट बातमी सांगायची असली की त्यांना हमखास फोन येतो. मी स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला आणि टोक दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमची आजी आम्हाला थापा मारत होती तर!" आणि हसल्या. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

"जोसेफ चेंबरलेनचा स्क्रू," मी म्हणालो. त्या एकदम सरसावून बसल्या. इथल्या जुन्या माणसांना हे नाव पुरतं. त्यांची आई म्हणायची, चेंबरलेन नसता तर आपण विहिरीचंच पाणी प्यायलो असतो. खोटं नाही. चेंबरलेन 1873 ला महापौर झाला तेव्हा निम्मं गाव विहिरींवर होतं, त्यातल्या कित्येकांत गटारं झिरपत, आणि ज्यांना नळ होता त्यांनाही आठवड्यातून तीनच दिवस पाणी. मिरजेच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यानं आधी दोन खाजगी गॅस कंपन्या पालिकेसाठी विकत घेतल्या, मग पाण्याची कंपनी. गॅसमधून नफा काढायचा, पाण्यातून नाही, पाण्याचा फायदा लोकांच्या तब्येतीत मोजायचा, असा त्याचा हिशेब. धंद्यातून तो 1874 ला बाहेर पडला आणि 1876 ला खासदार झाला. मला विचाराल तर ती तीन वर्षं हेच त्याचं खरं काम. पुढं आयर्लंडच्या स्वराज्यावरून 1886 ला त्यानं स्वतःचा लिबरल पक्ष फोडला. कोटाला ऑर्किडचं फूल, डोळ्याला एकभिंगी चष्मा. व्यंगचित्रकारांची चंगळ.

आजीबाईंना खिडकीतून चौकातलं घड्याळ दिसत होतं. लोखंडी खांबावरचं, चार तोंडांचं, चेंबरलेनच्याच नावाचं. "हेही त्याचंच," त्या कौतुकानं म्हणाल्या. मी मान हलवली, पण माझ्या मनात वेगळंच होतं. वसाहतमंत्री म्हणून तो बोअर युद्धानंतर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला, त्याची आठवण म्हणून 1903 ला हे घड्याळ उभं राहिलं. त्याच दौऱ्यात त्याला तिथल्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं सांगायला गांधीजी मुंबईत नुकतीच मांडलेली वकिली सोडून बोटीनं गेले होते. तिथल्या नाताळ वसाहतीत भेट झाली. चेंबरलेननं थंडपणे वाटेला लावलं. ट्रान्सवालमध्ये तर शिष्टमंडळातून गांधीजींचं नावच काढायला लावलं गेलं. स्वतःच्या गावाला पाणी पाजणारा माणूस दुसऱ्यांच्या गाऱ्हाण्यापुढं इतका कोरडा कसा, हे मला सुटलेलं नाही. आजीबाईंना हे सांगावं की नाही, ठरेना. शेवटी थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "शाळेत हे नव्हतं शिकवलं." आणि चहा मागितला.

विम्याचा कागद 'सुमारे 1860' असा झाला. किंमत बरीच उतरली. फळी सांधली, चपड्याच्या पॉलिशचे हात दिले आणि तेच आठ स्क्रू आपापल्या भोकात परत बसवले. म्हणून काढतानाच त्यांना नंबर लावून ठेवतात.

रात्री अण्णांना फोटो पाठवला. मिरजेत हार्डवेअरच्या दुकानात ते कायम "नेटलफोल्डच दे, दुसरा नको" असं म्हणायचे. नेटलफोल्ड हा स्क्रूचा छाप, भांडुपच्या जीकेडब्ल्यू, म्हणजे गेस्ट कीन विल्यम्स कारखान्याचा माल. माझी लहानपणापासून समजूत अशी की नेटलफोल्ड हा कुणी मुंबईचा पारशी असणार. अण्णांना सगळी कथा सांगितली: चेंबरलेन, पाणी, घड्याळ, गांधीजी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते असू दे," म्हणाले. "दीडशे वर्षं झाली म्हणतोस, तरी आटे झिजलेत का बघ."

नव्हते झिजले.