निवेदनाखालचं संगीत आणि वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

‘मांडवी गायकवाडांनी बांधली नाही.’ मांडवीसारख्या बडोद्याच्या जुन्या वास्तूंवर व्हिडिओ करताना असं एखादं वाक्य हमखास येतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तिथे पोचेपर्यंत बोलणाऱ्याचा आवाज उतरलेला असतो. नेमकं तेव्हाच मागचं संगीत वर आलं, की ‘नाही’ बुडतं आणि लोकांपर्यंत उलटाच इतिहास पोचतो.

हा घोळ बहुतेक वेळा ऑटो डकचा असतो. निवेदन सुरू झालं की संगीत दाबायचं आणि थांबलं की सोडायचं, हे या इफेक्टचं काम. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज तो शांतता धरतो ती पातळी, आधीपासून उणे ३० डेसिबलवर असतो. उतरलेलं क्रियापद त्याच्याही खाली जातं, त्यामुळे पुढे मोठा विराम असेल तर इफेक्ट क्रियापदालाच विराम समजतो. थ्रेशोल्ड उणे ४० करा, ‘मॅक्झिमम पॉज’ (एवढ्या विरामापर्यंत संगीत दबलेलंच राहतं) २ सेकंद आणि ‘आउटर फेड अप’ (संगीत परत वर यायला लागणारा वेळ) दीड सेकंद ठेवा. मात्र खोलीतला पंखा किंवा रस्त्यावरची रिक्षा उणे ४०च्या वर ऐकू येत असेल, तर संगीत अख्ख्या व्हिडिओत दबलेलंच राहील. म्हणून आधी पंखा बंद करून रेकॉर्डिंग करा. निवेदनाचा ट्रॅक संगीताच्या लगेच खाली हवा आणि इफेक्ट लावताना संगीताचाच ट्रॅक निवडलेला हवा, नाहीतर इफेक्ट चालतच नाही.

इफेक्ट संगीत १२ डेसिबलनं दाबतो, पण तेवढं पुरत नाही. तयार संगीत मुळातच दणदणीत असतं. ते आधी ६ ते ८ डेसिबलनं उतरवा आणि मग डक करा. बोलण्याच्या खाली संगीत एकूण १८ ते २० डेसिबल कमी असलं की शब्द मोकळे राहतात. शेवटी अख्खा व्हिडिओ उणे १४ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास आणा. त्याहून मोठा आवाज यूट्यूब खाली आणतं, लहान असला तर मात्र वाढवत नाही.

वाद्य कोणतं, हा खरा कस लागण्याचा भाग. राजवाड्याची दृश्यं आली की हात आपोआप सारंगीकडे जातो, पण सारंगी गळ्याच्या इतकी जवळची की एकाच वेळी दोन माणसं बोलत असल्यासारखं वाटतं. तानपुरा निरुपद्रवी वाटतो, पण त्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, व्यंजनांच्या जागेतच घुमते. १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा इक्वलायझरनं ४ ते ६ डेसिबल कापला की तो छान बसतो. तबल्याचं दुखणं मोबाइलवर कळतं. छोट्या स्पीकरमधून बायाँ गायब होतो आणि उरते ती दायाँची टकटक, जी व्यंजनांवर आदळते. म्हणून हेडफोनवर निर्णय घेऊ नका, मोबाइल हातभर लांब ठेवून ऐका. आणि खंडेराव मार्केटच्या दृश्यांना संगीत लावूच नका. तिथला गलका त्यापेक्षा कितीतरी चांगला!

बडोदा दरबारचे गायक उस्ताद फैयाज खाँ यांची रेकॉर्ड वापरायची असेल, तर ती निवेदनाखाली नको. बोलणं थांबवा, वीस सेकंद पूर्ण आवाजात वाजू द्या. एवढा गळा शब्दांखाली दाबणं बरं नाही. ते १९५० साली गेले. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्ड इथे मोकळ्या आहेत. अमेरिकेतला हिशोब वेगळा आहे, आणि तीच रेकॉर्ड एखाद्या कंपनीनं नव्यानं चढवलेली असेल तर कंटेंट आयडी ही यूट्यूबची हक्क तपासणारी यंत्रणा दावा ठोकू शकते. त्यामुळे व्हिडिओ आधी अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवून तपासणी पूर्ण होऊ द्या. दावा आला तर रेकॉर्डचं प्रकाशन वर्ष लिहून हरकत घ्या आणि निकाल लागल्यावरच व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला करा.