बाराशेचे गेमिंग बड्स : पायांचा आवाज कळतोय का?

डब्यावर भल्यामोठ्या अक्षरात छापलंय, ४० एमएस लो लेटन्सी. बाजूला लाल डोळ्यांचा एक रोबोट. किंमत बाराशेच्या आत, झाकण उघडलं की निळी-हिरवी लाईट लागते आणि लातूरच्या गंजगोलाई बाजारातला दुकानदार म्हणला, "सगळे पोरं सध्या हेच न्यायलेत", मग काय, घेतले. रिव्ह्यूवाले लोक एसी रूममध्ये बसून सांगतेत, आपल्याकडं कुलर, पत्रे अन् शेजारच्या लग्नाचा डीजे सगळं एकदमच चालू असतंय, म्हणून म्हणलं आपलं आपण लिहावं.

आधी ते ४० एमएस, म्हणजे ४० मिलिसेकंद. लेटन्सी म्हणजे फोनमधला आवाज कानात पोचायला होणारा उशीर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ४० एमएस उशीर म्हणजे समोरचा १३-१४ मीटरवर उभा राहून बोलल्यासारखं, एवढं कळतबी नाही. पण साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे एमएस सहज लागतात, आणि बीजीएमआयमध्ये, म्हणजे मोबाईलवरच्या त्या गोळीबाराच्या गेममध्ये, दोनशे एमएस म्हणजे गडी दारातून आत येऊन गोळी घालून मोकळा अन् त्याच्या बुटाचा आवाज तुम्हाला मेल्यावर. यूट्यूबवर हा लोचा जाणवत नाही, कारण तिथं फोन चित्रच जरा मागं धरून आवाजाशी जुळवून घेतो. गेममध्ये ते जमत नाही, बोट तुमचं लाईव्ह चालू असतंय ना. ज्याला तपासायचंय त्यानं कीबोर्डचा टिकटिक आवाज चालू करून मेसेज टाईप करून बघावा. माझ्याकडं गेमिंग मोड, म्हणजे बड्समधली हा उशीर कमी करायची सोय, बंद असला की 'क' दाबून बोट पुढच्या अक्षरावर गेल्यावर टिक येतंय, चालू केला की जवळजवळ बोटासोबतच. ४० आहे का ६० ते मशीन लावल्याशिवाय कोण सांगणार, पण फरक पडतोय हे नक्की.

आता गंमत अशी की हा मोड रूमवर नीट चालत नाही आणि शेतात एक नंबर चालतो. मी राहतो ती गल्ली क्लासच्या पोरांच्या हॉस्टेलची, लातूरला राहिलेल्यांना माहितीये, एकेका बिल्डिंगीत मजल्यागणिक राऊटर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर अन् बहुतेक जुने वायफायबी त्याच पट्ट्यात, त्यात गेमिंग मोड म्हणजे बड्समधला साठवून ठेवलेला आवाज कमी करायचा, म्हणजे उशीर कमी होतोय पण जरा सिग्नल हुकला की भरून काढायला मागं काहीच शिल्लक नसतंय, लगेच कर्रकर्र. रात्री नऊनंतर सगळी पोरं मोबाईल घेऊन बसली की तर विचारूच नका. गावाकडं शनिवारी लाईट रात्रपाळीची असली की मोटार चालू करायला जावं लागतंय, तिथं बांधावर बसून खेळलो तर एकदाबी तुटला नाही. नेटवर्कचा एकच दांडा असतोय ही वेगळी गोष्ट. आणि तिथं मी एकच बड घालतो, दुसरा कान मोकळा, मोटारीचा आवाज बदलला तर कळाय पाहिजे अन् गवतात काही सळसळलं तरबी.

माइकचं मात्र दुखणं आहे. गेममधल्या टीमशी, म्हणजे स्क्वॉडशी, बोलायला माइक चालू केला रे केला की सगळा आवाज एकदम चपटा होतोय, डावं-उजवं गायब, कारण बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याच्या लाईनवरून फोन कॉलच्या लाईनवर उतरतं. पायांचा आवाज कुठल्या बाजूनं येतोय तेच कळंना तर गेमिंग बड्स घेऊन उपयोग काय? आणि हे फक्त स्वस्तातल्यांचं नाही, महागडेबी बरेचसे असंच करतेत. मी माइक बंद ठेवून क्विक चॅटवर, म्हणजे गेममधल्या तयार मेसेजवर, भागवतो, पोरं शिव्या घालतेत.

डब्यावर ईएनसी पण लिहिलंय, त्याला बरेच जण नॉइज कॅन्सलेशन समजून घेतेत. ते आपल्या कानासाठी नसतंय, आपल्या माइकमधला आजूबाजूचा गोंगाट कमी करतंय, म्हणजे पलीकडच्यासाठी असतंय. एसटीत नांदेडला जाताना आईला फोन लावला, मला खिडक्यांचा खडखडाट जशाला तसा, आई म्हणली, "बस थांबली काय रं?" म्हणजे ईएनसी काम करतंय. फक्त माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटायला म्हणे.

बॅटरीला तक्रार नाही, गेमिंग मोडवर जरा लवकर उतरते एवढंच. उन्हाळ्यात केस गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मे महिन्यात ४२ डिग्रीत उभी गाडी आतून किती तापते ते सगळ्यांना माहितीये आणि लिथियम बॅटरीला ऊन मानवत नाही. सोबतचे छोटे रबर लावून बघा, मला मधल्या साईजचे सैल व्हायचे, छोटे बसवल्यावर बास पण नीट आला, उलटं वाटलं होतं. ती लाईट बंद करायची सोय अजून सापडली नाही, रात्रीच्या गाडीत झाकण उघडलं की चार सीटवरचे लोक वळून बघतेत.

चुलतभाऊ टूर्नामेंट खेळतो, त्यानं विचारलं घेऊ का. त्याला सांगितलं, तू तीनशेचे वायरवाले टाईप-सी घे, लेटन्सीचा विषयच नाही अन् माइक चालू केला तरी आवाज चपटा होत नाही. तो म्हणला, "पण दादा, लाईट नाही ना त्याला."