सिमपाय, जीसॉक आणि बोनाफाईडचे पंचवीस दिवस

हे २०२० सालचं आहे. आता बरेच नियम बदललेत तरी लिहितोय, कारण परवा आमच्याच कॉलेजच्या एका ज्युनिअरने फोन करून विचारलं की दादा ओपन सोर्सला (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरला) प्रपोजल टाकायचंय, सुरुवात कुठून करू, आणि मी सांगायला लागलो तर कोडच्या आधी मला ती ऑफिसची खिडकीच आठवली. माझा राग अजून गेलेला नाही.

मी तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला होतो. गूगल समर ऑफ कोड म्हणजे जीसॉक, ज्यात ओपन सोर्स संस्थांना आपण प्रोजेक्ट सुचवायचा, निवड झाली तर उन्हाळ्यात त्यांच्या मेंटॉरच्या हाताखाली तो पूर्ण करायचा आणि स्टायपेंड गूगल देतं. मी सिमपाय निवडलं होतं. ही पायथनची लायब्ररी आहे, आकडेमोड करून ०.३३३ देत नाही तर एक तृतीयांश तसाच ठेवते, इंटिग्रेशन, लिमिट, डिफरन्शियल इक्वेशन सगळं आपण वहीत करतो तसं अक्षरांत सोडवते. सेकंड इयरला एम-थ्री हा गणिताचा विषय होता, त्यातली सायमल्टेनिअस डिफरन्शियल इक्वेशन्स मला मनापासून आवडायची, आणि एकदा तीच सिमपायला सोडवायला दिली तर काही ठिकाणी ते अडकलं. म्हटलं हाच प्रोजेक्ट.

सिमपायची अट आहे की प्रपोजलचा विचार व्हायला तुमची निदान एक पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपण केलेला बदल त्यांच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) मर्ज झालेली, म्हणजे स्वीकारून कोडमध्ये घेतलेली पाहिजे. लोक याला घाबरतात पण खरं सांगतो, हा भाग मजेत झाला. 'इझी टू फिक्स' लेबल लावलेले इश्यू, म्हणजे नोंदवलेल्या चुका-अडचणी असतात, त्यातला एक घेतला, दुरुस्ती केली, सोबत टेस्ट लिहिली. पहिल्यांदा बॉटने, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमने अडवलं कारण पीआरच्या वर्णनात रिलीज नोट्सचा (नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्या नोंदीचा) भाग ठरलेल्या पद्धतीने भरला नव्हता, तो भरला की झालं. फेब्रुवारी संपेपर्यंत दोन मर्ज झाल्या होत्या, तिसरी मार्चमध्ये झाली.

प्रपोजलचा ड्राफ्टही ८ मार्चला शेअर केला होता. एक गोष्ट आत्ताच सांगतो नाहीतर विसरेन, ड्राफ्ट लवकर दाखवा, अर्धा असला तरी दाखवा. मेंटॉर लोक नोकरी सांभाळून हे करतात, आपल्या रात्री त्यांचा दिवस असतो, एका प्रश्नाला उत्तर यायला दोन दिवस सहज जातात. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचेच ड्राफ्ट येऊन पडतात, मग तुमचा नीट वाचायला कुणाकडे वेळ उरणार?

तर आता खिडकी. तेव्हा जीसॉक विद्यार्थ्यांसाठी होतं, त्यामुळे प्रपोजलसोबत तुम्ही सध्या शिकताय याचा पुरावा अपलोड करावा लागायचा. सिनिअर म्हणाले बोनाफाईड काढ, म्हणजे इथे शिकत असल्याचा कॉलेजचा दाखला. ५ मार्चला, गुरुवारी, ऑफिसमधून फॉर्म घेतला, चलन भरलं. त्यावर आधी क्लास टीचरची सही, मग एचओडींची म्हणजे विभागप्रमुखांची, मग ऑफिसात जमा, मग प्राचार्यांची सही आणि शिक्का. शुक्रवारी क्लास टीचर रजेवर. सोमवारी त्यांची सही झाली पण एचओडी मीटिंगला गेलेले, मी साडेपाचपर्यंत केबिनबाहेर बसून होतो. मंगळवारी धुळवडीची सुट्टी. बुधवारी एचओडींची सही मिळाली, तीही शिपाईकाकांनी फॉर्म आत नेऊन दिला म्हणून. गुरुवारी मी फॉर्म घेऊन खिडकीवर गेलो तर मॅडमनी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस?"

"गूगल समर ऑफ कोड, मॅडम."

"हे आमच्या यादीत नाही. स्कॉलरशिप, पासपोर्ट, बँक लोन, बसपास. यातलं काय आहे?"

मी म्हटलं यातलं काहीच नाही, ऑनलाइन प्रोग्रॅम आहे, त्यांना मी विद्यार्थी आहे एवढंच दाखवायचंय. तर त्या म्हणाल्या मग गूगलचं लेटर आण, तुझ्या नावाचं, त्याशिवाय सरांपुढे ठेवता येणार नाही. आता निवडच झालेली नाही तर माझ्या नावाचं लेटर कुठून येणार? हे मी तीन वेळा तीन पद्धतीने सांगितलं. मागे रांग लागली होती, लोक पुढे ढकलत होते, आणि मला माहीत होतं की बसपास लिहिलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण खोटं कारण घालून काढलेला कागद पुढे कुठे अडकला तर, म्हणून नाही लिहिलं. मला ते बरोबरच वाटतं अजून.

त्याच रात्री ड्राफ्टवर मेंटॉरची कमेंट आली. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. मी लिहिलं होतं की समीकरणांच्या सिस्टिमची मॅट्रिक्स वेळेप्रमाणे बदलत असेल आणि ती तिच्या इंटिग्रलशी कम्यूट होत असेल, म्हणजे दोघींचा गुणाकार कुठल्याही क्रमाने केला तरी तोच येत असेल, तर उत्तर थेट मॅट्रिक्स एक्स्पोनेन्शिअलने काढता येतं. त्यांनी विचारलं, कम्यूट होतंय हे कोड तपासणार कसं, आणि होत नसेल तेव्हा काय करणार? हाच प्रोजेक्टचा गाभा होता. यावर दोन दिवस कागद-पेन घेऊन बसायला हवं होतं, आणि मी मात्र शुक्रवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात जीसॉकच्या नियमांची पानं प्रिंट काढत उभा होतो, मॅडमना दाखवायला. त्यांनी ती पानं फॉर्मला टाचली, फॉर्म ठेवून घेतला आणि म्हणाल्या सोमवारी ये.

तो सोमवार १६ मार्च. पुण्यात ९ तारखेला पहिले कोरोना पेशंट सापडले होते, आणि त्या शनिवार-रविवारी कॉलेजं बंद ठेवायचे आदेश आले. मी गेटवर पोचलो तर सिक्युरिटीवाले काका आत सोडेनात, विद्यार्थ्यांना प्रवेश नाही म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. मी बाहेरून ऑफिसच्या लँडलाइनला फोन लावला, आत वाजत असणार, कुणी उचलला नाही. हॉस्टेल रिकामं करायची नोटीस लागली होती. त्याच दिवशी जीसॉकचे अर्ज सुरू झाले, शेवटची तारीख ३१ मार्च. मी दुसऱ्या दिवशी एसटीने बार्शीला घरी आलो, लॅपटॉप, दोन कपडे आणि एक वही घेऊन.

घरून रोज फोन. एकदाच उचलला, कुणीतरी म्हणालं स्टाफ कमी आहे, साहेब येतील तेव्हा बघू. मेल केले, तीन, एकाचंही उत्तर नाही. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झालं. २५ ला गुढीपाडवा होता, आईने घरातल्याच साखरेची गाठी केली आणि गुढी उभारली, आणि मी गच्चीत फोन घेऊन एका सरांना विचारत होतो की सर तुमच्या ओळखीने सही मिळेल का. सर भले माणूस, पण ते स्वतः गावी अडकलेले. महामारीत ऑफिस बंद पडलं याचा मला राग नाही, तेव्हा सगळ्यांचेच हाल होते. राग आहे तो त्याआधीच्या दिवसांचा, जेव्हा सगळं चालू होतं, सगळे जागेवर होते आणि एक फॉर्म चार टेबलं ओलांडू शकला नाही.

२९ ला रात्री शेवटचा उपाय म्हणून ते नियम पुन्हा उघडले, जे मी प्रिंट काढून मॅडमना दिले होते आणि स्वतः नीट वाचले नव्हते. तिथे बोनाफाईड असा शब्दच नाही. तुमचं नाव, कॉलेजचं नाव आणि सध्या तिथे शिकत असल्याचं दिसेल असं कागदपत्र पाहिजे, बस. आयकार्ड पाहिलं तर त्यावर फक्त फर्स्ट इयरचं वर्ष छापलेलं. मग जीमेलमध्ये शोधत बसलो आणि जुलै २०१९ ची ऑनलाइन फी भरल्याची पावती मिळाली. माझं नाव, कॉलेजचं नाव, थर्ड इयर, शैक्षणिक वर्ष २०१९-२०, सगळं इंग्रजीत, पीडीएफ. आठ महिने माझ्याच मेलबॉक्समध्ये पडून होती ती. रात्री दीड वाजता अपलोड केली, त्यावर कुणी काही हरकत घेतली नाही. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

पण मग हातात दोनच दिवस उरले. कमेंटला उत्तर म्हणून मी काही उदाहरणं हाताने सोडवून घातली, कम्यूट तपासायचा छोटा कोड लिहिला, पण होत नसेल तर काय याला एक परिच्छेद, तोही ढोबळ. अंतिम वेळ १८:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा, लोक बारा समजून बसतात, जपा. एक पीडीएफ आधीच टाकून ठेवा, मुदतीपर्यंत बदलता येते. मी नऊ वाजता पहिली टाकली आणि सव्वाअकराला शेवटची, आमच्याकडे नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, मध्येच जायचं.

४ मेला निकाल आला. माझी निवड झाली नाही. मला वाटतं तो परिच्छेद कमी पडला, दुसरं कारण असूही शकेल, पण ते बोनाफाईडच्या मागे घालवलेले दिवस त्या प्रश्नावर घालवले असते तर निदान मनाला रुखरुख राहिली नसती.

ज्युनिअरला सांगायचं म्हणजे, २०२२ पासून जीसॉकला विद्यार्थी असायची अट नाही, १८ वर्षं पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवीन असलं की चालतं, त्यामुळे तुझं हे लचांड वाचलं. आता ९०, १७५ आणि ३५० तासांचे प्रोजेक्ट असतात, सेमिस्टरच्या परीक्षा मध्ये येतात ते बघून तास निवड, आणि परीक्षेचे आठवडे टाइमलाइनमध्ये स्पष्ट लिही, लपवू नकोस. आधी निवड झालेल्या लोकांची प्रपोजलं वाच, पण त्यांचं वेळापत्रक उचलू नकोस. कुठलं गणित आत्ता सुटत नाही ते उदाहरणासकट दाखव, ते उदाहरण स्वतः चालवून बघितलेलं असू दे. आणि कुठल्याही ऑफिसचा कागद लागणार असेल तर आधी नियम स्वतः वाच, मग फी पावती, मार्कशीट, हॉल तिकीट जे घरात आहे ते काढून बघ, खिडकीवर सगळ्यात शेवटी जा.

मे महिन्यातच सिमपायचं १.६ व्हर्जन आलं. त्यांच्या रिलीज नोट्समध्ये त्या व्हर्जनला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव असतं, आणि ज्याने पहिल्यांदाच कोड दिलाय त्याच्या नावापुढे चांदणी असते. मी बाबांना मोबाईलवर ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून खाली सरकवत सरकवत माझं नाव शोधलं आणि विचारलं, ही चांदणी कशाची?