चालू लूप 'क्यू' दाबून थांबवायचा होता, एवढंच

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला साधा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड: सेन्सरचं रीडिंग घ्या, फाइलमध्ये एक ओळ लिहा, दोन सेकंद थांबा, पुन्हा तेच. 'क्यू' दाबलं की चालू फेरी पुरी करून लूप थांबावा, एवढीच माझी अपेक्षा. कंट्रोल-सी आहेच, पण ते फेरीच्या मधेच कुठेही तोडतं आणि शेवटचं रीडिंग अर्धवट राहू शकतं.

विंडोजवर काम चटकन झालं. एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलमधलं (मॉड्यूल म्हणजे तयार फंक्शनांचा संच) केबीहिट सांगतं की बटण दाबलंय, 'गेटच' (getch) ते वाचतं. संपलं.

लिनक्सवर मात्र हे मॉड्यूलच नाही आणि तिथे मी पार वैतागलो. ज्याला विचारावं तो म्हणे, "इनपुट वापर." अहो, इनपुट वापरलं की लूप एंटरची वाट पाहत तिथेच खोळंबतो! मग सिलेक्टने (काही वाचायला आलंय का ते पाहणारं फंक्शन) स्टँडर्ड इनपुट, म्हणजे इथे कीबोर्डवरून येणारं, तपासायला लागलो. 'क्यू' दाबलं, अक्षर स्क्रीनवर उमटलं, प्रोग्रॅम ढिम्म. एंटर मारल्यावरच त्याला जाग येई. कारण कोणी धड सांगत नव्हतं, म्हणून इथे लिहितोय: टर्मिनल (प्रोग्रॅम ज्या कमांडच्या खिडकीत चालतो ते) पूर्ण ओळ होईपर्यंत अक्षरं स्वतःकडेच धरून ठेवतं, म्हणजे तुम्हाला बॅकस्पेसने खोडता यावं. लूपचा यात काही दोष नाही, लूप कितीही बदला, फरक पडत नाही.

उपाय टर्मिनलवरच करायचा. टीटीवाय मॉड्यूलमधलं सेटसीब्रेक लावलं की अक्षर एंटरशिवाय पोचतं. सेटरॉ लावू नका, त्यात कंट्रोल-सीसुद्धा बंद पडतं. आणि लूपला दोन सेकंद थांबवणारं स्लीप काढून टाका. सिलेक्टलाच दोन सेकंदांची मुदत द्या, म्हणजे थांबणंही होतं आणि बटण दाबताक्षणी कळतं. हे जमलं तेव्हा कोण आनंद झाला!

हो, सेटसीब्रेकच्या आधी टर्मिऑस मॉड्यूलच्या टीसीगेटअ‍ॅटरने टर्मिनलचं जुनं सेटिंग जपून ठेवा आणि फायनलीमध्ये (मधे चूक झाली तरी शेवटी चालणारा भाग) परत लावा. नाहीतर प्रोग्रॅम संपल्यावर टाइप केलेलं दिसेनासं होऊ शकतं. तसं झालंच तर न दिसता 'एसटीटीवाय सेन' (stty sane) टाइप करून एंटर मारा.

लूपमध्ये चुका पकडायला नुसतं 'एक्सेप्ट' लिहिलं असेल तर तेही आजच बदला, ते कंट्रोल-सी गिळून टाकतं. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं की कंट्रोल-सीने येणारा कीबोर्ड-इंटरप्ट त्यातून सुटतो आणि प्रोग्रॅम थांबतो.