दीड किलो मसाला आणि पाच रुपये

मसाल्याचा सीझन ऐन भरात होता. परड्यात संकेश्वरी वाळत पडलेली, डंकावर नंबर लावलेला, आणि तेवढ्यात ठाण्याच्या एका काकांचा फोन. आमचं जुनं गिऱ्हाईक. "ताई, पत्ता अपुरा आहे म्हणून माझा दीड किलो कांदा-लसूण मसाला अडकलाय म्हणे. लिंकवर पाच रुपये भरायला सांगितलेत. तुमचाच माणूस ना तो?"

माझा कसला माणूस! पॅकिंगला मी, जाऊबाई आणि सुट्टीला आलेला भाचा. काकांनी लिंक उघडून कार्डाचा नंबर टाकलासुद्धा होता. ओटीपीच्या मेसेजमध्ये पाच रुपयांऐवजी अठ्ठेचाळीस हजारांचा आकडा दिसला, म्हणून हात थांबला. फोनवर असतानाच त्यांना बँकेच्या ॲपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करायला लावले आणि मग कार्डच ब्लॉक करायला सांगितलं. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला.

पैसे वाचले, पण मला रात्रभर झोप नाही. मसाला, तोही दीड किलो, हे त्या भामट्याला कळलं कुठून?

कार्डाची चोरी माझ्याकडून होणं अवघड. वेबसाइटवरचे पैसे पेमेंट गेटवेतून, म्हणजे पैसे घेऊन देणाऱ्या मधल्या कंपनीतून येतात, नंबर मला दिसतच नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला गिऱ्हाइकाचं कार्ड साठवून ठेवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे त्या दुकानापुरता बदली नंबर असतो. अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसंच. तो बिल्ला दुसऱ्या स्टँडवर नेऊन दाखवला तर कोण विचारणार?

मग घरातलीच भोकं शोधायला बसले. पार्सलवर मीच जाड मार्करने लिहायचे: नाव, मोबाईल, "मसाला, १.५ किलो". कोल्हापूर ते ठाणे ज्याच्या ज्याच्या हाताखालून खोकं गेलं त्याला सगळं आयतं. दुसरं भोक आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. "मसाला परिवार" असं प्रेमाने नाव ठेवलेलं, आणि परिवारातल्या प्रत्येकाला सगळ्यांचे नंबर दिसायचे. तिसरं मला लाज वाटावी असं. ऑर्डरींच्या जुन्या प्रिंट आम्ही रद्दीत घालत होतो. कोपऱ्यावरच्या गाडीवर भेळेचा पुडा सोडताना सोलापूरच्या एका बाईंचा पत्ता पिनकोडसकट वाचला तेव्हा कळलं. चिंचेच्या पाण्याने फक्त आडनाव पुसलं होतं.

नेमकं कुठल्या भोकातून गेलं ते आजही सांगता येणार नाही. तिन्ही बुजवली. खोक्यावर आता "खाद्यपदार्थ" एवढंच. मोबाईल नंबर लिहावाच लागतो, नाहीतर डिलिव्हरीवाला दारात येऊन परत जातो. खोकं टाकण्याआधी तेवढी चिठ्ठी फाडा, असं आत लिहून ठेवते. ग्रुप मोडून ब्रॉडकास्ट लिस्ट केली, त्यात कुणाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. काहीजण रुसले, रुसू देत.

गिऱ्हाइकांबद्दलही एक तक्रार आहे. एका ताईंनी "तुम्हीच पैसे कापून घ्या" म्हणत कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले होते, मागच्या तीन आकड्यांसकट! माझ्या फोनमधले फोटो आपोआप भाच्याच्या टॅबवरही जातात. तो कार्टून बघत होता, मधेच ताईंचं कार्ड. दोन्हीकडून पुसलं, कचरापेटीच्या फोल्डरमधूनही काढलं आणि ताईंना कार्ड बदलून घ्यायला सांगितलं. त्यांना वाटलं, मी उगाच घाबरवतेय.

जुन्या प्रिंट आता मिरची भाजायच्या चुलीत जातात. ते काम सासूबाईंकडे दिलंय. एकेक कागद डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचल्याशिवाय त्या जाळात टाकत नाहीत. परवा म्हणाल्या, "या मिरजेच्या बाईंनी यंदा पाव किलोच मागवलाय. सून वेगळी निघाली वाटतं."